विम्बल्डनला जायचंय? सोडतीवर विसंबू नका, रांगेचा बेत आखा

विम्बल्डनचं एक वैशिष्ट्य टीव्हीवर दिसत नाही. आदल्या संध्याकाळी एका बागेत तंबू ठोकला, सकाळी नंबर आला, की त्याच दिवसाचं सेंटर कोर्टचं, म्हणजे मुख्य कोर्टचं, तिकीट मूळ किमतीत मिळतं. ओळख लागत नाही, एजंट लागत नाही. विश्वचषकाच्या सामन्यासाठी काळ्या बाजाराचे दर ऐकून घरी बसलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. त्यामुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्याने तिकिटाची वाट बघत न बसता आधी व्हिसा, सुट्टी आणि मुक्काम पक्का करावा. तिकीट तिथे गेल्यावर मिळवता येतं.

कोणते दिवस निवडायचे

स्पर्धा जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला सोमवारी सुरू होते आणि १४ दिवस चालते. पूर्वी मधल्या रविवारी सुट्टी असायची, २०२२ पासून त्या दिवशीही खेळ होतो.

अंतिम सामन्याचा मोह पहिल्या फेरीसाठी बाजूला ठेवा. पुरुष आणि महिला एकेरीत प्रत्येकी १२८ खेळाडू असतात, म्हणजे पहिल्या फेरीचे १२८ सामने. ते सोमवार-मंगळवारी उरकतात, दिवसाला ६४. बुधवार-गुरुवारी दुसरी फेरी, दिवसाला एकेरीचे ३२ सामने आणि जोडीला दुहेरी. या चार दिवसांत जगातल्या पहिल्या पन्नासातला खेळाडू बाहेरच्या कोर्टवर तुमच्यापासून दहा फुटांवर सर्व्हिस करताना दिसतो. दुसऱ्या आठवड्यात एकेरीचे सामने मोठ्या कोर्टांवर सरकतात आणि बाहेर दुहेरी, ज्युनिअर, व्हीलचेअर टेनिस उरतं. तेही बघण्यासारखं असतं (१९९२ मध्ये ज्युनिअर मुलांच्या दुहेरीची अंतिम फेरी गाठणाऱ्या जोडीत महेश भूपतीबरोबर पुण्याचा नितीन कीर्तने होता), पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिला आठवडाच धरावा.

त्यातही सोमवार टाळा. पहिल्या दिवसाची रांग रविवारपासूनच फुगलेली असते. मंगळवारी सामने तितकेच असतात आणि गर्दी थोडी कमी. शनिवार-रविवारी लंडनकरांना सुट्टी असते, म्हणून तेही नकोत.

साधारण बेत असा: आदल्या शनिवारी लंडन गाठा. रविवारी दुपारी बाग, स्टेशन, गेट पायी फिरून बघून ठेवा. सोमवारी आराम आणि लंडन. मंगळवारी पहाटे रांग लावून ग्राउंड्स पास (मोठी कोर्टं सोडून बाकीच्या कोर्टांवर फिरायचं तिकीट). बुधवारी दुपारपर्यंत झोप, संध्याकाळी तंबू घेऊन पुन्हा रांग. गुरुवारी सेंटर कोर्ट. शुक्रवार राखीव, कारण लंडनचा पाऊस कोणाला विचारून येत नाही. लागोपाठ दोन रात्री रांगेत काढायचा अट्टहास नको. दुसऱ्या दिवशी सेंटर कोर्टवर बसून पेंगाल.

सोडत भरा आणि विसरा

तिकिटांची सार्वजनिक सोडत १९२४ पासून चालत आली आहे. गेल्या काही वर्षांत ती आदल्या सप्टेंबरच्या सुमारास उघडते. त्याआधी विम्बल्डनच्या संकेतस्थळावर 'मायविम्बल्डन' खातं काढून ठेवा. म्हाडाच्या सोडतीत निदान कोणत्या योजनेत घर हवं ते तरी सांगता येतं, इथे तेवढंही नाही. दिवस आणि कोर्ट संगणक ठरवतो, तुम्ही फक्त घ्यायचं की सोडायचं ते सांगता. एका घरातून एकच अर्ज, जास्तीत जास्त दोन तिकिटं. नवऱ्याने एक आणि बायकोने एक असं एकाच पत्त्यावरून भरलं तर दोन्ही बाद होऊ शकतात. नंबर लागल्याची मेल आली की दिलेल्या मुदतीत पैसे भरावे लागतात, नाहीतर तिकीट पुढच्याला जातं. मेल 'स्पॅम'मध्ये पडून मुदत संपणं हा नेहमीचा अपघात आहे.

सोडतीतलं तिकीट दुसऱ्याला देता किंवा विकता येत नाही. ज्याच्या नावावर अर्ज आहे तो ओळखपत्रासह हजर लागतो. म्हणून समाजमाध्यमांवर 'जायला जमत नाही, तिकीट विकतोय' असं दिसलं तर हात जोडून पुढे जा. कायदेशीरपणे हस्तांतर करता येणारी तिकिटं एकाच प्रकारची, डिबेंचरची, म्हणजे क्लबकडे आधी मोठी रक्कम गुंतवणाऱ्यांना मिळणारी. ती सेंटर कोर्ट आणि कोर्ट क्रमांक १ पुरती असतात आणि शेवटच्या फेऱ्यांना त्यांचा भाव हजारो पौंडांत जातो. जेवणाखाण्यासकट हॉस्पिटॅलिटी पॅकेजं मिळतात, पण कोणते विक्रेते अधिकृत आहेत ते विम्बल्डनच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

व्हिसा: खरी मुदत इथे आहे

ब्रिटनला शेंगेन व्हिसा चालत नाही. लागतो तो 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसा. सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ पासून १२७ पौंड झालं. ते अधूनमधून वाढतं, भरताना त्या दिवशीचा आकडा पाहा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. जूनच्या शेवटी निघायचं तर मार्चअखेर खिडकी उघडते. एप्रिल-मेमध्ये शाळांच्या सुट्ट्यांमुळे बोटांच्या ठशांच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज करून मोकळं व्हावं. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, ठसे आणि फोटो व्हिसा केंद्रात द्यायचे. मुंबई आणि पुण्यात केंद्रं आहेत, गोवेकरांना पणजी. केंद्रात जलद सेवा, एसएमएस, लाउंज असं बरंच काही विकायला ठेवलेलं असतं. त्यातलं काहीही सक्तीचं नसतं.

अधिकाऱ्याला तीन गोष्टी पटायला हव्यात: कशासाठी चाललात, पैसे कुठून येणार, परत का येणार. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र, धंदा असेल तर शॉप ॲक्ट आणि जीएसटीचे कागद. अर्ज फेटाळला जाण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक आलेले चार लाख. मेहुण्याने दिलेत की एफडी मोडलीय, हे कागदाने दाखवता आलं नाही तर ती रक्कम तुमची धरत नाहीत.

गावाकडे शेती असेल तर सातबारा जोडायला हरकत नाही, उलट परत येण्याचं ते चांगलं कारण आहे. पण सातबारा मराठीत असतो आणि इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि 'हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे' असं विधान हवं. नुसता मराठी उतारा जोडला तर तो जोडला नाही असंच समजा.

तिकीट हातात नसताना 'विम्बल्डन बघायला चाललोय' असं कसं लिहायचं, अशी शंका पुष्कळांना येते. सरळ लिहायचं. एका पानाच्या पत्रात तारखा, मुक्काम, अंदाजे खर्च आणि 'तिकीट त्या दिवशीच्या अधिकृत रांगेतून घेणार' एवढं पुरतं. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र, ते तिथे कायदेशीर राहतात याचा पुरावा आणि पत्त्याचा कागद जोडा. विमानाचं तिकीट आधी काढायची सक्ती नाही. काढलंच तर रद्द करता येणारं काढा, कारण व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही आणि या व्हिसाला अपीलही नसतं, नव्याने अर्ज करावा लागतो.

कुठे उतरायचं

नावावर जाऊन विम्बल्डन स्टेशनला उतरणं ही नवख्यांची पहिली चूक. मैदानाला आणि रांगेला जवळचं स्टेशन साउथफील्ड्स, लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, म्हणजे ट्यूबच्या, डिस्ट्रिक्ट लाइनवर. तिथून पायी साधारण पंधरा मिनिटं. डिस्ट्रिक्ट लाइनला फाटे आहेत, म्हणून गाडीच्या पाटीवर 'विम्बल्डन' लिहिलंय ना ते बघूनच चढा, नाहीतर रिचमंडला पोहोचाल. हीथ्रोहून पिकॅडिली लाइनने अर्ल्स कोर्ट, तिथे गाडी बदलून डिस्ट्रिक्ट, आणि वेस्ट ब्रॉम्प्टन, फुलहॅम ब्रॉडवे, पार्सन्स ग्रीन, पटनी ब्रिज, ईस्ट पटनी करत साउथफील्ड्स.

याच पट्ट्यात खोली बघा. साउथफील्ड्स आणि पटनीत त्या पंधरवड्यात दर चढतात, अर्ल्स कोर्टला पर्याय जास्त असतात. वेम्बली, हॅरो, स्लाउकडे आपल्याकडच्या बऱ्याच जणांचे नातेवाईक असतात. राहायला फुकट, पण पहाटेच्या रांगेसाठी गैरसोयीचं. तिथून पहिल्या गाडीने निघालात तरी तुमच्यापुढे हजारो माणसं असतील. रांगेच्या दोन रात्री जवळ काढा, बाकीच्या आत्याकडे.

ट्यूब आणि बससाठी वेगळं तिकीट काढू नका. टॅप करून चालणारं कोणतंही आंतरराष्ट्रीय कार्ड पुरतं, फक्त आत जाताना टॅप केलेलंच कार्ड बाहेर पडताना वापरा. आत कार्ड आणि बाहेर फोन असं केलंत तर दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

रांग

रांग लागते मैदानाला लागून असलेल्या विम्बल्डन पार्कमध्ये, गवतावर. सेंटर कोर्ट, कोर्ट १ आणि कोर्ट २ या प्रत्येकाची साधारण ५०० तिकिटं रोज रांगेसाठी राखलेली असतात. शेवटच्या चार दिवसांत सेंटर कोर्टची नसतात. त्याशिवाय काही हजार ग्राउंड्स पास. पासची किंमत पहिल्या आठवड्यात ३० पौंडांच्या आसपास असते. सेंटर कोर्टचं तिकीट सुरुवातीच्या दिवसांत शंभर पौंडांच्या आगेमागे असतं आणि पुढे चढत जातं. एका माणसाला एकच तिकीट, आणि तो माणूस स्वतः रांगेत हवा. रोख पैशांवर विसंबू नका, कार्ड हवं.

गेल्यावर स्वयंसेवक तुम्हाला रांगेच्या शेपटाकडे पाठवतात आणि तारीख व क्रमांक असलेलं रांगपत्र देतात. विम्बल्डनचं ॲप आणि खातं फोनमध्ये आधीच चालू असू द्या, तिथे मोबाइल नेटवर्कची वाट बघत बसणं वैतागाचं होतं. क्रमांक ५०० च्या आत असेल तर सेंटर कोर्ट जवळपास नक्की. १००० पर्यंत कोर्ट १, १५०० पर्यंत कोर्ट २. हे ढोबळ आहे, कारण पुढचे काही जण त्या दिवशीचे सामने बघून मुद्दाम कोर्ट १ घेतात आणि मग ५०० च्या पुढच्यालाही सेंटर कोर्ट मिळून जातं. आदल्या संध्याकाळी सामन्यांचं वेळापत्रक जाहीर होतं. ते वाचून पहिली, दुसरी पसंती ठरवून ठेवा.

किती वाजता जायचं? सेंटर कोर्ट हवं तर आदल्या दिवशी दुपार ते संध्याकाळ. बड्या नावाचा सामना असेल तर दुपारच. कोर्ट १ किंवा २ साठी रात्री उशिरा पोचून चालून जातं. ग्राउंड्स पाससाठी पहाटे पाच-साडेपाच उत्तम, सात ठीक. नऊला गेलात तर आतून माणसं बाहेर पडतील तसतसं सोडतात आणि अर्धा दिवस रांगेतच जातो.

इथे भारतीय माणसाला निसर्गाचीच मदत असते. त्या दिवसांत आपलं घड्याळ लंडनपेक्षा साडेचार तास पुढे. पुण्यात साडेसातला उठणारा माणूस पहिले दोन-तीन दिवस लंडनमध्ये पहाटे तीनला टक्क जागा होतो. युरोपभरातून आलेले तरुण गजराशी झटापट करत असताना तुम्ही आंघोळ करून तयार असता. पहाटेची रांग म्हणूनच प्रवासाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत उरकावी. नंतर शरीर लंडनच्या वेळेला लागतं आणि ही सोय संपते.

नियम थोडे आहेत पण कडक आहेत. रॉकेलच्या रांगेत डबा किंवा चप्पल ठेवून नंबर लावायची आपली जुनी पद्धत इथे चालत नाही. सामान ठेवून जागा धरता येत नाही, मागून येणाऱ्या मित्रासाठीही नाही. जेवायला, शौचालयाला जायचं तर अर्ध्या तासाच्या आत परत. तंबू दोन माणसांचाच, चुली-शेगड्या बंद. रात्री दहानंतर गोंगाट नाही. जेवण मागवता येतं, पण डिलिव्हरीवाल्याला गेटचं नाव नीट सांगा, बाग मोठी आहे.

जुलैची रात्र म्हणून गाफील राहू नका. दिवसा २५ अंश असलं तरी पहाटे १२-१३ पर्यंत उतरतं, आणि गवतावर इतकं दव पडतं की खाली काही नसेल तर झोपायची पिशवी पहाटेपर्यंत ओली होते. म्हणून तंबूइतकंच खाली अंथरायचं जलरोधक कापड महत्त्वाचं. तंबू लंडनमध्ये विकत घेतला तरी फारसा महाग पडत नाही. भारतातून न्यायचा तर खुंट्या चेक-इन सामानात आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, उलट केलंत तर विमानतळावरच दोन्ही अडतील. कानात घालायचे बोळे, डोक्याला टोपी, पातळ रेनकोट, टॉयलेट पेपर. ही यादी एवढीच.

खाण्यात चिवडा, चकली, भाकरवडी, मेथीचे ठेपले उत्तम, सगळं न सांडता तंबूत बसून खाता येतं. पेढे, बर्फी, चक्का, श्रीखंड मात्र घरीच ठेवा. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, आणि 'आईने दिलेत' हे कारण हीथ्रोवर चालत नाही.

सकाळ अशी उजाडते: पावणेपाचलाच लख्ख प्रकाश. साडेपाच-सहाच्या सुमारास स्वयंसेवक तंबूंवर टिचकी मारत फिरतात, अगदी अदबीने, पण थांबत नाहीत. तंबू आवरायचा, दात घासायचे आणि सामान ठेव-घरात द्यायचं. ठेव-घराचीही रांग असते. म्हणून दोघे असाल तर एकाने तंबू गुंडाळायला घ्यावा आणि दुसऱ्याने आधी शौचालय गाठावं, सगळे उठल्यावर तिथे अर्धा तास मोडतो. विमानतळावरची मोठी सुटकेस इथे घेत नाहीत, ती हॉटेलवरच ठेवून या. मग तंबूंची जागा मोकळी होऊन माणसं दाटीने उभी राहतात आणि साडेसातच्या सुमारास पुढून मनगटपट्ट्या यायला लागतात, कोर्टागणिक वेगळ्या रंगाच्या. ही पट्टी म्हणजे तिकीट नव्हे, तिकीट घ्यायचा हक्क. मनगटावर बसल्यावर सैल करू नका, तुटलेली पट्टी चालत नाही. पुढे सुरक्षा तपासणी आणि मग तिकीट खिडकी. तिथे कोणती आसनं शिल्लक आहेत ते विचारायला लाजू नका.

पिशवी माणशी एक, ४० बाय ३० बाय ३० सेंटीमीटरच्या आत. सेल्फी स्टिक, घडीची खुर्ची, कडक कवचाचा कूलर आत जात नाही. खाऊ जातो.

आत गेल्यावर

दहाच्या सुमारास दारं उघडतात, बाहेरच्या कोर्टांवर खेळ ११ ला, कोर्ट १ वर दुपारी १ ला, सेंटर कोर्टवर दीडला. ग्राउंड्स पासवर कोर्ट ३ ते १८ वरच्या अनारक्षित जागा मिळतात. (मोजत बसलात तर १३ नंबरचं कोर्ट सापडणार नाही, ते नाहीच.) आत शिरताच सगळे हिरवळीच्या टेकडीकडे, हेन्मन हिलकडे धावतात. धावू द्या. तुम्ही सरळ कोर्ट १८ गाठा. टेनिसमधला सर्वांत लांबलेला सामना, २०१० मध्ये इस्नर आणि माहू तीन दिवसांत ११ तास ५ मिनिटं जिथे खेळले, पाचवा सेट ७०-६८, तेच हे कोर्ट. भिंतीवर पाटी आहे. साडेदहाला बसलात तर जागा मिळते. बाराला बाहेर रांग लागलेली असते आणि लोकांना फक्त खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच आत सोडतात. उठायचं तर जागा गेली असं समजूनच उठा. कोर्ट १४ ते १७ वर बाक थोडे, पण खेळाडूच्या बुटांचा गवतावरचा आवाज ऐकू येतो.

दुपारनंतरची युक्ती पुष्कळांना माहीत नसते. सेंटर कोर्ट, कोर्ट १ आणि २ वरून लवकर निघालेल्यांची तिकिटं आतल्या आत पुन्हा विकली जातात, १०-१५ पौंडांत, आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. त्यासाठी ॲपवरून आभासी रांगेत नाव लावायचं. दुपारीच नाव लावा आणि सूचनेचा आवाज चालू ठेवा, कारण नंबर आल्यावर वेळ थोडा मिळतो. सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे सहाला मिळालेल्या तिकिटावरही तीन-चार तास टेनिस बघून होतं.

पाऊस आला तर बाहेरची कोर्टं झाकतात. छत फक्त सेंटर कोर्टला (२००९ पासून) आणि कोर्ट १ ला (२०१९ पासून) आहे. रांगेत असतानाच दिवसभर पावसाचा अंदाज दिसत असेल आणि तुमचा क्रमांक हजाराच्या आत असेल, तर पास न घेता छताखालचं तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

स्ट्रॉबेरी-क्रीमचा वाडगा २०१० पासून अडीच पौंडांना होता, २०२५ मध्ये २.७० झाला. मैदानातली बहुधा तीच एक गोष्ट स्वस्त म्हणता येईल. पाणी मात्र विकत घेऊ नका, रिकामी बाटली नेली की नळावर भरून मिळते.

पाच वर्षांखालच्या मुलांना मुख्य कोर्टांवर सोडत नाहीत. लहान मूल बरोबर असेल किंवा तंबू, रांग हे काहीच जमणार नसेल तर आदल्या आठवड्यात या. सोमवार ते गुरुवार रोहॅम्प्टनला पात्रता फेरी होते. तिकीट स्वस्त, गर्दी बेताची, तेच गवत, आणि पहिल्या शंभराबाहेरचे भारतीय खेळाडू बघायला मिळण्याची शक्यता इथेच जास्त. खुर्ची कोर्टच्या इतकी जवळ असते की खेळाडू स्वतःवर चिडून काय पुटपुटतो तेही कळतं.

परतताना सामना संपायच्या आधीच उठणाऱ्यांसारखी घाई करू नका. सेंटर कोर्टवरचा खेळ रात्री अकराला बंद करावाच लागतो, आणि तेव्हा साउथफील्ड्सच्या फलाटावर गर्दी इतकी की दोन गाड्या सोडाव्या लागतात. ठेव-घरातला तंबू घ्यायला विसरलात तर तो दुसऱ्या दिवशी घ्यायला पुन्हा यावं लागेल, म्हणून पावती पासपोर्टच्याच कप्प्यात ठेवा.